रिसर्चवर पैसे घातले, पेटंटही काढलं, मग नफा कुठे दिसतो? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या पानावर विचारलं होतं की कारखाना चालवताना, कारखान्यात नोकरी करताना किंवा नुसते शेअर घेताना रिसर्चचा खर्च आणि पेटंट याबद्दल तुमचं नेमकं काय अडतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, पैसे गेलेले दिसतात पण आलेले दिसत नाहीत. सगळी पत्रं घेणं शक्य नव्हतं, ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल अशी घेतलीयत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, वसईला वालीवमध्ये आमचा गाळा आहे, प्लॅस्टिक मोल्डिंगचं काम, तेलाच्या आणि शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं करतो. मी खूप खपून एक झाकण डिझाइन केलंय ज्याच्या आत वेगळा वॅड (गळू नये म्हणून बसवायची चकती) बसवावा लागत नाही, आतल्या कडीनेच सील होतं आणि तेल गळत नाही. डायवर आणि ट्रायलवर बराच पैसा गेलाय. आता मला पेटंट काढायचंय पण बाबा म्हणतात हे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत, तेवढ्या पैशात एक सेकंड हॅन्ड मशीन येईल. पेटंटने धंदा खरंच वाढतो का? आणि खर्च किती येतो?
– वाचक, वसई

उत्तर : सरळ सांगते, नुसत्या पेटंटने धंदा वाढत नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवायचा हक्क, ते तुम्हाला ऑर्डर आणून देत नाही. पण म्हणून बाबांचं बरोबर असंही नाही, कारण तुमच्या केसमध्ये फायदा रिसर्चने आधीच करून ठेवलाय, तो फक्त हिशोबात दिसत नाहीये. कागद घेऊन बसा. समजा वॅडला १२ पैसे पडतात आणि तो बसवायच्या मजुरीचे ३ पैसे, म्हणजे एका झाकणामागे १५ पैसे वाचले, आणि महिन्याला २० लाख झाकणं जात असतील तर महिन्याचे ३ लाख झाले. हे आकडे मी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. आता हे ३ लाख किती दिवस तुमच्या खिशात राहणार? तुमच्या पार्टीचा परचेस मॅनेजर काही कच्चा नसतो, त्याला कळलं की वॅड गेला तर तो पहिल्याच मीटिंगला रेट कमी करायला सांगणार, आणि बाजूच्या गाळ्यातल्याने तसंच झाकण काढलं तर तुम्हाला नाही म्हणताच येणार नाही, सगळी बचत पार्टीच्या घशात. तर पेटंटचं काम इथे आहे. बचत रिसर्चने केली, ती किती वर्षं तुमच्याकडे टिकते ते पेटंटने ठरतं. रिसर्चचा खर्च आणि नफा यांचं नातं जिथे जिथे तुटलेलं दिसतं तिथे बहुतेक वेळा या दोनपैकी एक गोष्ट नसते, एकतर शॉपफ्लोअरवर पैसा वाचलेलाच नसतो, नाहीतर वाचलेला टिकवता येत नाही.

झाकण ही पेटंटला अगदी योग्य वस्तू आहे कारण ती लपवता येत नाही. बाजारातून बाटली आणली, झाकण ब्लेडने उभं कापलं, व्हर्नियर लावला की कडी किती जाड, किती उंच, कुठल्या कोनात, सगळं हातात. महिन्या-दोन महिन्यांत डाय तयार. जी गोष्ट उघडून बघता येते तिचं पेटंट काढा, जी कारखान्याच्या भिंतीआड राहते तिचा वेगळा विचार करा (डोंबिवलीच्या पत्रात तेच आलंय पुढे).

पण आधी शोध घ्या. बिनवॅडची झाकणं जगात आधीपासून आहेत आणि त्यांची पेटंटंही ढिगाने आहेत, तुमची कडी त्यांच्यापेक्षा कशात वेगळी आहे ते सापडलं पाहिजे. भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर, गुगल पेटंट्सवर फुकट शोधता येतं, दोन-तीन रविवार द्या त्याला. शोधताना चित्रं बघून थांबू नका, शेवटी जे क्लेम असतात ते वाचा, कारण हक्क फक्त क्लेममध्ये लिहिलेल्या गोष्टीवर मिळतो. एखाद्याने क्लेममध्ये ‘बाटलीच्या तोंडाच्या आतल्या बाजूला टेकणारी लवचिक कडी’ असं लिहिलं असेल आणि तुमची बाहेरच्या बाजूला टेकत असेल तर मामला वेगळा होतो. आणि तुमचे क्लेम लिहिताना उलटी काळजी, ‘कडी ०.८ मिलिमीटर जाड’ असं लिहून बसलात तर शेजारचा ०.९ ची करून मोकळा होतो. म्हणून एजंट चांगला बघा, पैसे तिथे घाला.

आता सर्वात महत्त्वाचं. हे झाकण तुम्ही कोणाला दाखवलंय का? गोरेगावच्या प्रदर्शनात स्टॉलवर मांडलं, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवला, पार्टीला काहीही लिहून न घेता सॅम्पल दिलं, की नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं आणि मग अर्ज करून उपयोग नाही. प्रदर्शनाची सवलत आपल्या कायद्यात आहे पण ती सरकारने तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनापुरती, कुठल्याही ट्रेड फेअरला नाही. तेव्हा आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात पार्टीकडे ट्रायल घ्या आणि माल चालत नाही असं वाटलं तर पुढचा खर्च वाचला.

खर्चाचं म्हणाल तर उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर तुम्ही छोटे उद्योग म्हणून धरले जाता, ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला तीच ८,०००. तपासणीची फी ४,०००, लवकर तपासणी हवी तर ८,०००. मंजूर झाल्यावर नूतनीकरण, तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८००, मग दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि शेवटची पाच वर्षं ८,०००. पूर्ण २० वर्षं चालवलं तरी नूतनीकरणाचे ७६,८०० रुपये होतात, आणि मधेच झाकण चालेनासं झालं तर फी भरणं थांबवायचं. एजंटची फी याच्यापेक्षा जड पडते, ती आधी ठरवून घ्या. ऑफिस आपल्याकडेच आहे, अँटॉप हिलला, पण आता सगळं ऑनलाइन होतं.

हे मात्र डोक्यात पक्कं ठेवा की पेटंट मिळालं म्हणजे कोणी पोलीस येऊन नक्कल थांबवत नाही, कोर्टात तुम्हालाच जावं लागतं. बजाज ऑटोचं दोन स्पार्क प्लगचं डीटीएस-आय इंजिन सगळ्यांना माहीत आहे, त्या पेटंटवरून टीव्हीएसशी २००७ मध्ये वाद सुरू झाला, मद्रास हायकोर्टाने आधी टीव्हीएसची गाडी अडवली, मग डिव्हिजन बेंचने ते उठवलं, २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिशोब ठेवून विकू दिली आणि म्हटलं अशा केसेस रोजच्या रोज चालवून लवकर संपवा. दोघांची तडजोड झाली २०१९ मध्ये. एवढ्या मोठ्या कंपन्यांना १२ वर्षं लागली. तुमच्यासारख्याला पेटंटचा उपयोग कोर्टापेक्षा परचेस मॅनेजरच्या केबिनमध्ये जास्त होतो, कोटेशनवर नंबर असला की मोठी पार्टी नक्कल करणाऱ्याकडून माल घ्यायला बिचकते, कारण उद्या नोटीस आली तर तिचं नाव खराब होतं. फक्त मंजूर व्हायच्या आधी ‘पेटंटेड’ असं छापू नका, त्याबद्दल दंड होऊ शकतो, ‘अर्ज केला आहे’ एवढंच लिहा.

आणि आता बाबांच्या बाजूने. सेकंड हॅन्ड मशीन घ्यायच्या आधी आणि पेटंटच्याही आधी आहे त्या मशीनवर रिजेक्शन किती आहे ते बघा. तुमच्यापासून फार लांब नाही, तारापूर आणि उंबरगावच्या कापड विणणाऱ्या कारखान्यांवर काही अर्थतज्ज्ञांनी मोठा प्रयोग केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडलेल्या कारखान्यांना सल्लागार दिले आणि अगदी साध्या गोष्टी करायला लावल्या, रोजच्या डिफेक्टची नोंद, सुताच्या साठ्याला नाव-नंबर, माग बंद पडायच्या आधी देखभाल, फ्लोअर साफ. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. नवीन शोध नाही, पेटंट नाही. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो, कारण ज्या कारखान्यात रोजची नोंदच होत नाही तिथे रिसर्च केला तरी तो लागू पडला की नाही हे कळायला मार्गच नसतो. तुम्ही ट्रायलचं रजिस्टर ठेवलं असेलच, तारीख, मटेरियलचा ग्रेड, मोल्डचं टेम्परेचर, सायकल टाइम, शंभरात किती गळली. नसेल तर आजपासून ठेवा. एजंटलाही ते लागेल आणि बाबांना पटवायलाही तेच रजिस्टर उपयोगी पडेल.

प्रश्न : मॅडम, मी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कलिना. प्रोजेक्टसाठी लिस्टेड मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांचा दहा वर्षांचा डेटा घेतला आणि विक्रीच्या किती टक्के रिसर्चवर खर्च आणि किती पेटंट मिळाली याचा रिटर्न ऑन अॅसेट्सवर (मालमत्तेच्या मानाने मिळणाऱ्या नफ्यावर) काय परिणाम होतो ते बघितलं. रिसर्चचा आकडा मायनस आला आणि पेटंटचा जवळजवळ शून्य. सर म्हणतात कुठेतरी चुकलंय कारण रिसर्चने नफा वाढायला पाहिजे. काय करू? सबमिशन जवळ आलंय.
– विद्यार्थिनी, कुर्ला

उत्तर : घाबरू नकोस, आणि उत्तर सरांना पाहिजे तसं यावं म्हणून डेटा हलवू तर मुळीच नकोस. मायनस येणं ही चूकच असते असं नाही, तो मायनस कुठून आला हे सांगितलंस तर तुझा प्रोजेक्ट इतरांपेक्षा चांगला होईल.

पहिलं कारण हिशोबाचं. इंड एएस ३८ या हिशोबाच्या नियमाप्रमाणे संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी नफा-तोट्यात टाकावा लागतो, तो मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. डेव्हलपमेंटचा खर्च काही अटी पूर्ण झाल्या तर दाखवता येतो. म्हणजे कंपनीने यंदा रिसर्च वाढवला की यंदाचा नफा आपोआप खाली येणारच, हे गणितच आहे, त्यात रिसर्च वाया गेला की नाही याचा संबंध नाही. त्यामुळे त्याच वर्षाचा खर्च आणि त्याच वर्षाचा नफा समोरासमोर ठेवलास तर मायनसच दिसणार. एक, तीन, पाच वर्षं आधीचा खर्च घेऊन बघ. दहा वर्षांच्या डेटातली सुरुवातीची वर्षं त्यात जातील, हरकत नाही, तसं लिही.

दुसरं, तू पेटंट कुठल्या वर्षात धरलीस? मंजूर झालं त्या वर्षात धरली असशील तर तिथे मोठा घोळ आहे. भारतात २०२२-२३ मध्ये ३४ हजारांच्या आसपास पेटंट मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी १ लाखाच्या वर. आपल्या कंपन्या एका वर्षात तिप्पट हुशार झाल्या असं तर नाही ना, पेटंट ऑफिसने साचलेले अर्ज निकाली काढले. अर्ज आलेले होते आधीच्या वर्षांत. म्हणजे मंजुरीच्या वर्षाने तू कंपनीचा शोध मोजत नाहीयेस, ऑफिसचा वेग मोजतेयस. अर्जाची तारीख घे.

तिसरं, पेटंटची नुसती संख्या फार फसवी असते. सगळ्या देशांत हेच दिसलंय की थोडी पेटंटं खूप मोलाची निघतात आणि बाकीची काही कमावत नाहीत, मालकच फी भरायचं सोडून देतो. अमेरिकन कंपन्यांवर हॉल, जॅफी आणि ट्राख्टेनबर्ग यांचं २००५ मधलं काम आहे, त्यात पेटंट मोजण्यापेक्षा त्या पेटंटचा नंतरच्या पेटंटांनी किती वेळा उल्लेख केला ते मोजलं, आणि दर पेटंटमागे सरासरी एक उल्लेख वाढला की कंपनीचं बाजारमूल्य साधारण ३ टक्क्यांनी जास्त दिसलं. भारतात उल्लेखांचा डेटा नीट मिळत नाही, पण एक सोपा उपाय आहे, पेटंटची नूतनीकरण फी अजून भरली जातेय का ते पेटंट ऑफिसच्या साइटवर दिसतं. सात-आठ वर्षांनंतरही जे पेटंट पैसे भरून जिवंत ठेवलंय त्याला मालक किंमत देतो. फक्त जिवंत पेटंटं मोजून बघ, तुझा शून्य हलतो का.

मग येतात रिसर्च खर्चाचे शून्य. तुझ्या यादीत कितीतरी कंपन्यांपुढे शून्य असेल. त्या काहीच करत नाहीत असं समजू नकोस. टूलरूममधला फिटर सहा महिने नवीन जिग करत बसलेला असतो, त्याचा पगार कर्मचारी खर्चात जातो, ट्रायलमध्ये वाया गेलेला माल कच्च्या मालात जातो, रिसर्च म्हणून वेगळं कोणी लिहीतच नाही. आणि परदेशी कंपन्यांच्या इथल्या लिस्टेड उपकंपन्या बघ, त्यांचा रिसर्च होतो बाहेर, पेटंटही मूळ कंपनीच्या नावावर, इथल्या हिशोबात फक्त रॉयल्टी आणि टेक्निकल फी दिसते. त्यांचा रिटर्न भरपूर, रिसर्च शून्य. अशा कंपन्या तू सरसकट घातल्यास की ‘रिसर्च न करणाऱ्यांना नफा जास्त’ असं उत्तर येणार आणि ते खोटं असणार. त्यांना वेगळं काढ किंवा रॉयल्टीचा कॉलम जोड. मला वाटतं तुझ्या मायनसचा बराचसा भाग इथेच आहे.

सेक्टरही वेगळे करच. औषध कंपनी आणि फोर्जिंग कंपनी एका समीकरणात बसवून दोघांचं सरासरी उत्तर काढलं तर ते दोघांनाही लागू होत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांच्या रिसर्च मॅनेजर लोकांना विचारलं होतं, कार्नेगी मेलन सर्व्हे म्हणतात त्याला, की तुमच्या शोधाचा फायदा तुम्ही कसा टिकवता, तर बहुतेक उद्योगांत गुप्तता आणि बाजारात पहिलं पोहोचणं हे पेटंटच्या वर आलं. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं असे थोडेच उद्योग जिथे पेटंटला खरा भाव. म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे पेटंट कमी असणं याचा अर्थ शोध कमी असा लावू नकोस.

उलट दिशेचाही विचार कर, ज्यांच्याकडे नफा असतो त्याच कंपन्या रिसर्चवर खर्च करू शकतात, मग कोण कोणामुळे? आधीच्या वर्षांचा खर्च आणि फर्म फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक कंपनीच्या न बदलणाऱ्या गोष्टी हिशोबातून बाजूला काढायची पद्धत) वापरलेस तर प्रश्न पूर्ण सुटत नाही पण बराच आवाक्यात येतो. आणि रिटर्न ऑन अॅसेट्सवरच अडून राहू नकोस, जुनी घसारा झालेली मशिनरी असलेल्या कंपनीचा तो उगाच चांगला दिसतो. ग्रॉस मार्जिन आणि निर्यातीचा वाटा घेऊन बघ. सरांना मायनस आलेलं पहिलं टेबल आणि हे सगळं करून आलेलं दुसरं टेबल, दोन्ही शेजारी ठेवून दाखव.

प्रश्न : आदरणीय ताई, मी बँकेतून निवृत्त झालोय, थोडे पैसे औषध कंपन्यांच्या शेअर्समध्ये आहेत. वार्षिक अहवालात रिसर्चचा खर्च वाढलेला दिसला की टीव्हीवर एक जण म्हणतो चांगलं आहे, दुसरा म्हणतो मार्जिन गेलं. आम्ही कसं वाचायचं?
– वाचक, दादर

उत्तर : काका, शेअर घ्या की विका हे मी सांगणार नाही पण वाचायचं कसं ते सांगते.

आपल्या औषध कंपन्यांचा पाया १९७० च्या पेटंट कायद्यात आहे, तो १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या रेणूवर, म्हणजे मूळ रसायनावर, पेटंट नाही, फक्त बनवायच्या पद्धतीवर आणि तेही थोड्या वर्षांचं. मग सिप्लासारख्या मुंबईच्या कंपन्यांनी तोच रेणू वेगळ्या मार्गाने आणि स्वस्तात करून दाखवला. सिप्लाने २००१ मध्ये एड्सच्या तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दराने देऊ केला आणि जगभरचे भाव पडले. तो सगळा रिसर्चच होता, केमिस्ट्रीचा, कॉस्टिंगचा, पण नव्या रेणूच्या पेटंटचा नव्हे. १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या रेणूवर २० वर्षांचं पेटंट परत आलं आणि खेळ बदलला.

तेव्हापासून ‘रिसर्च’ या एका ओळीत दोन निराळ्या गोष्टी येतात. एक जेनेरिकचा, म्हणजे पेटंट संपणाऱ्या औषधाची आवृत्ती तयार करून अमेरिकेत अर्ज करायचा, याचा पैसा काही वर्षांत परत येतो पण स्पर्धा आली की भाव घसरतात. दुसरा नव्या रेणूचा, यात दहा-पंधरा-वीस वर्षं काही येत नाही आणि मग एकदम येतं, किंवा कधीच येत नाही. ग्लेनमार्कचं उदाहरण बघा. २००४ मध्ये फॉरेस्ट या अमेरिकन कंपनीशी दम्याच्या रेणूसाठी करार झाला तेव्हा केवढं कौतुक, २००९ मध्ये चाचण्यांत तो रेणू चालला नाही. कंपनी तरी नव्या रेणूंवर खर्च करत राहिली. मग जुलै २०२५ मध्ये तिच्या आयजीआय या उपकंपनीने कॅन्सरवरच्या रेणूचा अॅबव्ही कंपनीशी करार जाहीर केला, सुरुवातीचेच ७० कोटी डॉलर. मधल्या कुठल्याही एका वर्षाचा अहवाल उघडून ‘रिसर्चचा फायदा झाला का’ असं विचारलं असतं तर उत्तर नाहीच आलं असतं. आणि असे कित्येक रेणू असतात ज्यांना २०२५ उजाडतच नाही, हेही तितकंच खरं.

आता कुठे बघायचं. डायरेक्टर्स रिपोर्टला जोडपत्र असतं, ऊर्जा बचत आणि तंत्रज्ञान आत्मसात करणं या मथळ्याचं, लोक ते पान उलटून पुढे जातात. तिथे रिसर्चचा खर्च द्यावाच लागतो, काही कंपन्या त्यात चालू खर्च किती आणि भांडवली किती हेही वेगळं देतात. पाच वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवा. मग बॅलन्स शीटमध्ये ‘विकसित होत असलेल्या अमूर्त मालमत्ता’ ही ओळ बघा. खर्च नफा-तोट्यात न टाकता या ओळीत साठत चालला असेल तर आजचा नफा चांगला दिसतो, आणि एखाद्या वर्षी त्यातली मोठी रक्कम एकदम राइट-ऑफ होते, म्हणजे तोटा म्हणून काढून टाकली जाते. ही ओळ दर वर्षी फुगतेय आणि नवीन औषध बाजारात येत नाहीये असं दिसलं तर कंपनीच्या एजीएमला (वार्षिक सभेला) उठून विचारा, तो तुमचा हक्क आहे, आजकाल ऑनलाइनही विचारता येतं.

पेटंट म्हणजे अढळ नव्हे हेही लक्षात असू द्या. बायरच्या नेक्साव्हार या कॅन्सरच्या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांच्या घरात होता, मार्च २०१२ मध्ये मुंबईतून पेटंट कंट्रोलरने नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटच्या मालकाच्या संमतीशिवाय औषध बनवायचा) दिला आणि नॅटकोचा महिन्याचा भाव ठरला जास्तीत जास्त ८,८८० रुपये. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता, मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण गुंतवणूकदाराने समजून घ्यायला हवं की औषधाच्या पेटंटची किंमत कायदा, भाव आणि लोकांची गरज यांच्यावर ठरते.

प्रश्न : आमच्या सीएने सांगितलं होतं की सरकारमान्य रिसर्च युनिट काढलं तर खर्चाच्या दुप्पट वजावट मिळते. अजून आहे का?
– वाचक, रबाळे

उत्तर : नाही. डीएसआयआरची (केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता असलेल्या युनिटला २०१६-१७ पर्यंत २०० टक्के होती, मग १५० टक्के झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट. २२ टक्क्यांचा कमी कर निवडलेल्या कंपनीला ती तरतूद लागूच नाही. टॅक्स वाचवायला म्हणून रिसर्च युनिट काढू नका. पेटंटच्या रॉयल्टीवर १० टक्के दराने कर भरायची सोय आहे, शोध भारतात लागलेला आणि पेटंट इथे नोंदलेलं असलं पाहिजे, पण छोट्या कारखान्याला रॉयल्टी क्वचितच मिळते, तो स्वतःच माल बनवतो.

प्रश्न : डोंबिवली एमआयडीसीत आमचं डाय-इंटरमीडिएटचं (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनांचं) युनिट आहे. एका रिअॅक्शनमध्ये डोसिंगची (रसायन किती आणि कसं घालायचं त्याची) पद्धत बदलून यील्ड (निघणारा माल) बराच वाढवला. पेटंट घ्यावं का गुपित ठेवावं? भीती अशी की केमिस्ट सोडून गेला तर?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : गुपित ठेवा, असं माझं मत. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि गुजरातमधला तुमचा स्पर्धक घरबसल्या वाचतो, तो त्याच्या रिअॅक्टरमध्ये तीच डोसिंग करतोय हे तुम्ही सिद्ध कसं करणार? प्रोसेस पेटंटमध्ये काही परिस्थितीत सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर टाकता येतं, पण आधी माल हुबेहूब तोच आहे हे दाखवावं लागतं आणि मालावरून डोसिंग कळत नसेल तर ते फार लांबचं काम आहे. मालातल्या अशुद्धीवरून पद्धत ओळखता येत असेल तर मात्र पेटंटचा विचार करा.

केमिस्टचं म्हणाल तर कागदोपत्री करार करा, कच्च्या मालाला कोड द्या, पूर्ण बॅच कार्ड एका माणसाच्या हातात ठेवू नका, आणि तारखेनिशी नोंदी जपा. पण त्याहून मोठी गोष्ट, वाढलेल्या यील्डमधला वाटा त्या केमिस्टला द्या. ज्याच्या डोक्यातून लाखो रुपये निघाले त्याला दिवाळीला मिठाईचा बॉक्स दिला तर तो जाणारच, आणि त्याची चूकही नाही. पुढचं काम माटुंग्याच्या आयसीटीसारख्या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेबरोबर करायचं असेल तर निकालावर हक्क कोणाचा हे पहिल्या मीटिंगलाच लिहून घ्या.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या कंपनीत डिझाइनला आहे. माझ्या कल्पनेवर कंपनीने पेटंटचा अर्ज केला पण इन्व्हेंटर म्हणून फक्त मॅनेजरचं नाव आहे. काही करता येतं का?
– वाचक, ठाणे

उत्तर : करता येतं, पण वेळ घालवू नका. पेटंटची मालकी अपॉइंटमेंट लेटरमधल्या अटींप्रमाणे कंपनीकडे जाते, त्यात तुम्हाला फारसं काही करता येणार नाही. इन्व्हेंटर म्हणून नाव लागणं ही वेगळी गोष्ट आहे, पेटंट कायद्याच्या कलम २८ खाली तुम्ही कंट्रोलरकडे तसा दावा करू शकता. आधी कंपनीत लेखी विचारा, बऱ्याच वेळा एचआरला किंवा लीगलला हे माहीतच नसतं आणि दुरुस्ती होऊन जाते. तुमची स्केचेस, कॅड फाइलच्या तारखा, मेल, ट्रायलचे रिपोर्ट एकत्र करा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं बाहेर काढू नका, नाहीतर प्रकरण तुमच्यावरच उलटेल.

कंपन्यांच्या मालकांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. रिसर्चच्या खर्चातला सर्वात मोठा भाग पगार असतो, आणि ज्या डिझाइन खात्यात दुसऱ्याच्या कल्पनेवर साहेबाचं नाव लागतं तिथे पुढच्या वर्षी कोणी कल्पना घेऊन केबिनमध्ये जात नाही. खर्च तेवढाच राहतो, हातात काही पडत नाही.

कलम २८ चा दावा पेटंट मंजूर व्हायच्या आधीच करावा लागतो. अर्जाचा नंबर मिळवा आणि पेटंट ऑफिसच्या साइटवर तपासणी कुठवर आलीय ते आजच बघा, पहिला रिपोर्ट निघालेला असेल तर आठवड्याभरात एखाद्या पेटंट एजंटला भेटा.